कापसाचा कस आणि कापसाचा भाव

इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात १८६२ सालच्या हिवाळ्यात ‘सुरत’ हा शब्द शिवीच्या पंक्तीला जाऊन बसला होता. जे काही हिणकस, भेसळीचे, दिसण्यात एक आणि असण्यात दुसरे, त्या सर्वाला तेथील गिरणी-कामगार ‘सुरत’ म्हणू लागले होते. आपल्या मालाला हे विशेषण लावल्यामुळे अब्रू गेली, अशी फिर्याद एका बिअर गाळणाऱ्या कारखानदाराने न्यायालयात नेल्याचीही नोंद आहे. एक आख्यायिका तर तिकडे पुष्कळ वर्षे सांगितली जात असे : प्रार्थनेसाठी जमलेल्या विणकरांपैकी एकाने देवाजवळ कापूस मागितला, तेव्हा मागच्या बाकावरून दुसऱ्याने घाईघाईने पुस्ती जोडली, की देवा, कापूस दे, परंतु सुरतेचा देऊ नकोस.

ज्या शहराच्या कापडासाठी दोनशे वर्षांपूर्वी इंग्रज, डच आणि फ्रेंच व्यापारी एकमेकांशी चढाओढ करीत, त्याच शहराच्या नावाला ही कळा यावी, हे दैवदुर्विलसितच म्हणावयाचे. वस्तुतः ‘सुरत’ म्हणून लिव्हरपूलला उतरणाऱ्या कापसापैकी बहुतेकाने सुरत पाहिलेलीही नसे. तो वऱ्हाडातून, खानदेशातून, भडोचेहून, काठेवाडातून, धारवाडकडून मुंबईस येई आणि तेथून जहाजात चढे. पश्चिम हिंदुस्थानचे जुने बंदर सुरत, म्हणून व्यापाऱ्यांच्या वहीत ह्या साऱ्या मालाला ते एकच नाव चिकटले होते. कापूस कोणाचाही असो, बदनामी मात्र एकाच गावाच्या वाट्याला आली.

ह्या रागाचे कारण समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८६० पर्यंत लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून, तेथील गुलामांच्या कष्टांवर पिकून येत असे. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेकडील सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि वर्ष-दीड वर्षात लँकेशायरची गोदामे रिकामी पडली. १८६२ च्या अखेरीस तेथे सुमारे पाच लाख माणसे धर्मादाय मदतीवर जगत होती. ज्या थोड्या गिरण्या चालत, त्या ‘सुरत’ कापसावर चालत. अमेरिकन तंतूची लांबी साधारण एक इंच. आपल्या देशी कापसाची अर्ध्यापासून पाऊण इंचापर्यंत. यंत्रे जुळविलेली होती ती लांब तंतूसाठी. त्यांच्यावर हा आखूड तंतू चढविला, की सूत पुन्हा पुन्हा तुटे. त्यात पाने, बोंडांची टरफले, सरकीचे तुकडे आणि धूळ. गिरणीतील मजुरी तयार मालाच्या हिशेबाने मिळत असल्यामुळे, दिवसभर तुटलेले धागे सांधीत उभा राहणारा कामगार आठवड्याच्या अखेरीस पूर्वीच्या निम्म्याच्या आसपास कमाई घरी नेई. त्याने कापसाला शिव्या द्याव्यात, ह्यात आश्चर्य ते काय?

आश्चर्य आहे ते वेगळेच. युद्धाच्या काळात लिव्हरपूलचा भाव पौंडास सहा-सात पेन्सांवरून चढत चढत १८६४ मध्ये चौपटीच्याही वर गेला. मुंबईत अक्षरशः सोन्याचा पाऊस पडला. त्या पैशातून शेअरबाजाराचा जो उन्माद उत्पन्न झाला आणि १८६५ मध्ये शांतता होताच जी दाणादाण उडाली, ती कथा सर्वश्रुत आहे. परंतु इतका भाव मिळत असताना, इतकी गरज असताना, कापूस अधिक स्वच्छ का झाला नाही? किंबहुना त्याच वर्षांत भेसळ वाढल्याच्या तक्रारी का आल्या? इंग्रजी वृत्तपत्रांनी ह्याचे उत्तर सोपे करून टाकले होते : हिंदी रयत आळशी आणि व्यापारी लबाड. हे उत्तर सोपे होते, एवढाच त्याचा गुण.

कापूस शेतातून जहाजापर्यंत कसा जाई, ते पाहिले म्हणजे निराळे उत्तर सापडते. पेरणीच्या वेळीच शेतकऱ्याने सावकाराकडून रक्कम उचललेली असे, आणि पीक उभे असतानाच त्याचा भाव ठरून गेलेला असे. पुढे बोंडे फुटल्यावर ती दहिवर ओसरल्यानंतर वेचली काय किंवा ओलीच वेचली काय, किडकी कवडी वेगळी काढली काय किंवा त्यातच टाकली काय, त्याच्या पदरात पडणाऱ्या पैशात काडीचा फरक पडत नसे. फरक पडे तो वजनात. आणि ओला, कचऱ्याचा कापूस वजनाला जास्त भरतो. सावकाराकडून तो खेड्यातील व्यापाऱ्याकडे, त्याच्याकडून पेठेतील अडत्याकडे, अडत्याकडून मुंबईच्या दलालाकडे जाई. आगगाडी होण्यापूर्वी वऱ्हाडातील कापूस बैलांच्या पाठीवरून आठवडेच्या आठवडे धुळीतून चाले, आणि वाटेत प्रत्येक मुक्कामावर त्याच्यात काही ना काही मिसळण्याची सोय असे. अखेरीस तो दाबून गासडीत बंद झाला, की आत काय आहे हे कळावयाचे ते थेट लिव्हरपूलला, गासडी फोडल्यावर. मधे कित्येक महिने गेलेले आणि माल सहा-सात हातांतून फिरलेला. जाब विचारावा तरी कोणाला?

अशा स्थितीत परदेशी खरेदीदाराने काय करावे? तो प्रत्येक गासडी वाईटच असणार असे धरून सरासरीचा भाव देतो. हा भाव चांगल्या मालाला परवडत नाही आणि वाईट मालाला मात्र भरपूर होतो. मग पुढच्या वर्षी चांगला माल बाजारात आणणारा मनुष्य तो आणण्याचे थांबवितो, सरासरी आणखी खाली येते, भाव आणखी उतरतो. १९७० मध्ये जॉर्ज ॲकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ही साखळी शास्त्रशुद्ध रीतीने मांडली, आणि २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या तिघांत त्याचा समावेश झाला. विकणाऱ्याला माल ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, एवढ्या एका गोष्टीने चांगला माल बाजारातून हद्दपार होऊ शकतो. वऱ्हाडातील एखाद्या जुन्या अडत्याला हे नवल वाटले नसते.

सरकारने ह्यावर पहिला उपाय केला तो दंडाचा. मुंबई इलाख्यात १८२९ सालीच कापसातील लबाडीविरुद्ध नियम झाला होता. युद्धाच्या ऐन धामधुमीत, १८६३ मध्ये, नववा कायदा आला. निरीक्षक नेमले गेले, भेसळ करणाऱ्यास शिक्षा ठरल्या. १८७८ मध्ये तो सुधारून घेतला गेला आणि पुढे काही वर्षांतच मोडीत निघाला. निरीक्षकाला गासडीतील दगड किंवा सरकी पकडता येते. परंतु शिक्षेच्या भयाने मनुष्य फार तर भेसळ टाळील. पहाटेचे दहिवर ओसरेपर्यंत थांबून, पाने झटकून, पांढरा आणि पिवळा कापूस वेगवेगळ्या फडक्यांत बांधण्याचे कष्ट तो कोणत्याही कायद्याने घेणार नाही. त्यासाठी त्याला त्या कष्टांचा मोबदला भावात दिसावा लागतो.

दुसरा उपाय बियाण्याचा. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये अमेरिकेतून दहा अनुभवी मळेवाले आणवून त्यांना अमेरिकन बी आणि करवती दातांची रेचाई यंत्रे देऊन मुंबई, मद्रास आणि बंगालमध्ये पाठविले. बहुतेक ठिकाणी हा प्रयोग फसला. त्या करवती यंत्राने देशी कापसाचा आधीच आखूड असलेला तंतू तुटे. आपल्याकडचा लाकडी चरका हळू चाले, परंतु तंतू राखी. पुढे ह्या देशात स्थिरावले ते रुळाचे यंत्र, करवतीचे नव्हे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. अमेरिकन बी मूळ धरून राहिले ते मुख्यतः धारवाडच्या बाजूस. तेथे हवा मानवली, आणि ‘धारवाड-अमेरिकन’ ह्या नावाने त्याचा वेगळा भाव निघू लागला. जेथे वेगळे नाव आणि वेगळा भाव मिळाला, तेथेच ते टिकले.

आता वऱ्हाड-नागपूरकडे वळावयाचे. ह्या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद प्रकरण तेथे घडले, आणि त्याविषयी गैरसमजही सर्वांत अधिक आहेत. हिंगणघाटच्या बाजारपेठेत ‘बनी’ नावाचा एक देशी कापूस येत असे. तंतू मऊ, तलम, जवळजवळ एक इंच लांबीचा. देशी जातींत त्याला तोड क्वचितच होती. हिंगणघाटचे नाव लिव्हरपूललाही आदराने घेतले जाई ते ह्याच्यामुळे. १८६६ च्या सुमारास रिव्हेट-कारनॅक नावाचा अधिकारी मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा कापूस-आयुक्त म्हणून नेमला गेला; हे बी शुद्ध राखावे, ह्यासाठी त्याच्या खात्याने पुष्कळ खटपट केली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्ते खामगावची रेल्वे-शाखा उघडली. कापसाचा प्रवास आठवड्यांवरून दिवसांवर आला, बैलांच्या पाठीवरची धूळ संपली. आणि तरीही पुढच्या तीस-चाळीस वर्षांत बनी शेतांतून नाहीसा होत गेला. त्याच्या जागी जाडा, आखूड, लवकर पिकणारा कापूस पसरला. विसाव्या शतकाच्या आरंभी तर मध्यप्रांताच्या शेतकी खात्यानेच ‘रोझियम’ ही आखूड तंतूची जात निवडून तिचे बी शेतकऱ्यांना पुरविले.

पुष्कळांनी ह्याला अधःपात म्हटले. परंतु शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून हिशेब मांडला, तर तो वेगळा निघतो. बनीच्या शंभर मण कापसातून रुई निघे ती सत्तावीस मणांच्या आसपास, बाकीची सरकी. रोझियममधून एकोणचाळीस-चाळीस मण. म्हणजे सरकी जमेस न धरता, जाड्या रुईला जर एक रुपया भाव असेल, तर बनीच्या रुईला एक रुपया सात आणे मिळाले तरच दोन्हींचे उत्पन्न सारखे होणार. सरकीचे चार पैसे अधिक येतील, हे खरे. पण उशिरा येणाऱ्या बनीला परतीचा पाऊस चुकला, तर ते चार पैसे त्यातच बुडणार. मग सात आण्यांचा हा फरक बाजार देत होता काय? देत नव्हता, आणि द्यावा असे कारणही त्याच्यापाशी नव्हते. मुंबईच्या गिरण्या तेव्हा मुख्यतः वीस नंबरच्या आतले जाडे सूत काढून ते चीनला पाठवीत; त्या सुताला एक इंचाचा तंतू लागतच नाही. तलम तंतू हवा होता तो लँकेशायरला, आणि लँकेशायरला अमेरिकन कापूस युद्धानंतर पुन्हा मिळू लागला होता. ज्याला बनी हवा होता त्याला त्याची निकड राहिली नव्हती, आणि जो ग्राहक दारात उभा होता त्याला बनी नको होता. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने बनी सोडला, तो हिशेब येत नव्हता म्हणून नव्हे.

तो दारात उभा राहिलेला ग्राहक म्हणजे जपान. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा ह्या जपानी कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबईहून थेट जपानला जहाजे सुरू केली, आणि पाहता पाहता जपान हा हिंदी कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला. लँकेशायरने ज्याला नाक मुरडले, त्याच आखूड कापसात जपानी गिरण्यांनी थोडा अमेरिकन, थोडा चिनी कापूस अशा कुशलतेने मिसळला की सूत स्वस्तही पडावे आणि तुटूही नये. कापूस मिसळणे ही त्यांनी एक विद्याच बनविली. कसाची व्याख्या गिऱ्हाइकाबरोबर बदलते, हे ह्यावरून दिसावे. आसामच्या आणि त्रिपुऱ्याच्या डोंगरांत पिकणारा ‘कोमिला’ कापूस तंतूने अगदी आखूड आणि खरबरीत. पण लोकरीत मिसळण्यासाठी त्याला मुद्दाम मागणी असे. रुग्णालयात जखमेवर ठेवावयाच्या कापसालाही आखूड, जाडा देशी तंतूच अधिक मानवतो.

तथापि एकाच ग्राहकाच्या आवडीवर सारी शेती उभी करण्यात एक धोका असतो, आणि तो दोनदा प्रत्ययास आला. १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावरील जकात वाढविली, तेव्हा जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार पुकारला. अखेर १९३४ च्या करारात दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या गेल्या : जपानने दहा लाख गासड्या कापूस उचलावा आणि त्याबदली साडेबत्तीस कोटी वार कापड हिंदुस्थानात आणावे, कापूस पंधरा लाख गासड्यांपर्यंत उचलला, तर कापड चाळीस कोटी वारांपर्यंत. वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेताचा भाव ओसाकाच्या मागांशी असा कागदोपत्री जोडला गेला. दुसरा प्रसंग १९४१ चा. जपान युद्धात उतरला, ती बाजारपेठ एका दिवसात बंद झाली आणि आखूड कापसाच्या गासड्या मुंबईत पडून राहिल्या. लांब तंतूच्या मालाला तेव्हा गिरण्यांकडून मागणी होती. आखूड तंतू पिकविणाऱ्याला ज्वारी पेरण्याचा सल्ला मिळाला.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मात्र ह्या धंद्याची घडी बसविण्याचे काही मोलाचे काम झाले. १९१७ मध्ये सरकारने नेमलेल्या कापूस समितीने देशभर फिरून १९१९ मध्ये अहवाल दिला, आणि त्यातून १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी जन्मास आली. व्यापाऱ्यांची एक जुनी युक्ती होती : हलक्या मुलखातील स्वस्त कापूस आगगाडीने नामांकित मुलखात आणावयाचा, तेथील जिनात रेचून, तेथील प्रेसमध्ये दाबून, तेथीलच नावाने विकावयाचा. १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने अशी ने-आण ज्या मुलखांत बंद केली, तेथे चांगल्या कापसाला आपले नाव परत मिळाले. १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गासडीवर प्रेसची खूण आणि क्रमांक घालणे सक्तीचे झाले. १९२४ मध्ये माटुंग्याला तंत्रशोध प्रयोगशाळा उघडली. कोणत्या जातीचे सूत कोणत्या नंबरपर्यंत निघेल, हे तेथे प्रत्यक्ष कातून पाहिले जाऊ लागले. तोपर्यंत सारा व्यापार दलालाच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर चालत असे. चिमूटभर रुई दोन हातांत धरून, ओढून, पुन्हा जुळवून, तो एका दृष्टिक्षेपात लांबी सांगे. आणि खरे सांगावयाचे तर बहुधा बरोबर सांगे. उणीव त्याच्या कौशल्यात नव्हती. ती होती पुराव्यात. दलालाचे बोट न्यायालयात साक्षीला उभे राहू शकत नाही.

खेड्यांच्या बाजूनेही एक गोष्ट घडली होती, आणि तिचा मान वऱ्हाडचा आहे. कारंज्याला १८८६ मध्ये देशातील पहिला नियंत्रित कापूस-बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. उघड्यावर बोली, ठरलेली वजने, ठरलेली अडत. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे मूळ तेथे आहे. ह्या बाजाराने शेतकऱ्याला वजनातली फसवणूक मोजता येण्याजोगी करून दिली. कसातली फसवणूक मात्र तशी मोजता येत नव्हती, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षे ती तशीच राहिली.

१९४७ च्या फाळणीने हा प्रश्न एका रात्रीत उलटा करून ठेवला. पंजाब आणि सिंधमधील कालव्यांखालचा लांब तंतूचा अमेरिकन कापूस बव्हंशी पाकिस्तानात गेला. गिरण्या मुंबई, अहमदाबाद, सोलापूर, कोइमतूर येथे राहिल्या. भारतात पिकणारा कापूस तेव्हा जवळजवळ सारा देशी, आणि बराचसा आखूड. इजिप्त, पूर्व आफ्रिका आणि अमेरिका येथून लांब तंतू आणण्यासाठी परकीय चलन खर्ची पडू लागले, अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेत गव्हाबरोबर कापूसही आला. आता देशातीलच गिरण्यांना लांब तंतू हवा होता आणि त्यासाठी पैसे मोजण्याची त्यांची तयारी होती. भावात फरक दिसताच संशोधन आणि शेती दोन्ही त्या दिशेने वळली. ह्याची परिणती १९७० मध्ये झाली. सी. टी. पटेल ह्यांनी ‘हायब्रिड-४’ ही, व्यापारी लागवडीसाठी निघालेली जगातील पहिली संकरित कपाशी तयार केली. आणि ती जेथे तयार झाली ते संशोधन केंद्र सुरत शहरात होते. लँकेशायरमधील त्या मागच्या बाकावरच्या विणकराला हे कळावयास हवे होते. मागोमाग १९७२ मध्ये धारवाडहून ‘वरलक्ष्मी’ आणि १९७४ मध्ये कोइमतूरहून अतिलांब तंतूची ‘सुविन’ आली. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यानंतर तर आखूड देशी कापूस काही मोजक्या पट्ट्यांपुरताच उरला.

तंतूच्या लांबीचा प्रश्न असा बहुतांशी सुटला. आता साऱ्या देशाच्या पिकाचा मोठा भाग अठ्ठावीस ते तीस मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि त्याला जगभर मागणी आहे. परंतु कसाची इतर अंगे मागे राहिली. अपक्व तंतू रंग धरीत नाही. कापडावर त्याचे पांढरे ठिपके उमटतात. यंत्राने तंतूच्या गुच्छातून हवा सोडून त्याची सूक्ष्मता आणि पक्वता मोजतात. त्या मापाला मायक्रोनेअर म्हणतात. हंगामाच्या शेवटी, पाणी देऊन लांबविलेल्या फरदडीच्या कापसात हे माप हटकून खाली येते, आणि त्याच लांबलेल्या पिकात गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळते. शिवाय एकाच गावात वेगवेगळ्या कंपन्यांचे दहा-वीस वाण पेरलेले असल्यामुळे, एकाच गाडीतील कापूस एकसारखा असण्याचा संभव कमी झाला आहे.

सर्वांत मोठा डाग मात्र परकीय पदार्थांचा आहे. खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्यातील धागा, तागाची सुतळी, डोक्याचे केस, फडक्यातली रंगीत चिंधी. पोत्याचा एक धागा रेचणीत, पिंजणीत शेकडो तुकडे होऊन सुतात शिरतो. कापड रंगविल्यावर तो तेवढा पांढरा राहतो, आणि सारा ताका दुय्यम म्हणून काढून टाकावा लागतो. गिरणीदारांच्या आंतरराष्ट्रीय पाहण्यांत भारतीय कापूस ह्या बाबतीत वर्षानुवर्षे सर्वाधिक दूषित गटात गणला गेला आहे. विरोधाभास असा, की भारतीय कापूस हाताने वेचला जातो. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात तो यंत्राने ओरबाडला जातो, पाने-काड्यांसकट. हाताने वेचलेल्या कापसाला खरे तर अधिक भाव मिळावयास हवा. प्रत्यक्षात परदेशी बाजारात त्यालाच सूट द्यावी लागते. गिरण्यांनी ह्यावर महागडी विद्युत्-यंत्रे बसविली आहेत. ज्यांना ती परवडत नाहीत, त्या गिरण्यांत स्त्रिया रांगेत बसून रुईच्या थरातून केस आणि धागे बोटांनी वेचून काढतात.

२००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाने जिनांची फरशी पक्की केली, ढिगांवर छपरे घातली, पट्ट्यांवरून कापूस वाहून नेण्याची सोय केली. आणि त्याचा गुण निश्चित आला. २०२० मध्ये भारतीय कापसाला ‘कस्तुरी’ हे नाव देऊन जगाच्या बाजारात उभे करण्यात आले. आधारभूत किंमत लांबी आणि मायक्रोनेअर ह्यांच्या श्रेणींप्रमाणे जाहीर होते, ओलावा आठ ते बारा टक्क्यांच्या आत असावा अशी अटही असते. महाराष्ट्रात १९७२ पासून सुमारे तीन दशके चाललेल्या एकाधिकार खरेदी योजनेतही केंद्रावर प्रतवारी करूनच भाव देण्याचे तत्त्व होते. कागदावर ह्या सर्व व्यवस्था कसाला किंमत देतात. परंतु वेचणारी मजूर स्त्री आजही किलोवर पैसे घेते. पहाटेच्या दहिवरात वेचलेला कापूस तिच्या वजनाला भर घालतो. किडकी कवडी वेगळी काढली, तर तिची दिवसाची कमाई घटते. स्वच्छ वेचण्यासाठी तिला वेगळा दर देणारा शेतकरी क्वचित आढळतो, आणि तो क्वचितच का, हे बाजाराच्या आवारात पाहावयास मिळते.

दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी वऱ्हाडातल्या कोणत्याही बाजारात गाड्यांची रांग लागलेली असते. खरेदीदार गाडीजवळ येतो, वरच्या थरातून मूठभर कापूस उचलतो, मुठीत दाबून ओलावा अजमावतो, एक सरकी सोलून तंतू ओढून पाहतो आणि भाव पुकारतो. ह्या साऱ्याला एक मिनिटही लागत नाही. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस आणणारा आणि त्यात मागची कवडी मिसळून आणणारा, ह्या दोघांच्या भावात क्विंटलमागे जो फरक पडतो, त्यातून वेचणीच्या वाढीव मजुरीचा खर्चही निघत नाही, अशी शेतकऱ्यांची जुनीच तक्रार आहे. पुढे दोन्ही गाड्या जिनाच्या फाटकातून आत जातात, काट्यावर चढतात आणि एकाच गंजीवर रिकाम्या होतात. गासडीवरचा क्रमांक १९२५ पासून आहे. पण तो प्रेसपासून पुढे चालतो. गंजीच्या मागे, गाडीपर्यंत आणि शेतापर्यंत तो पोहोचत नाही.